गुरु गोविंदसिंहांचा शेवटचा मुक्काम

मनुष्याच्या आयुष्यांत स्थैर्य म्हणून जें कांहीं असतें तें पुष्कळ अंशीं त्यानें मनानें मानलेलें असतें. आज ज्या घरांत आपण निजतों तें उद्यां उभें असेल, आज जो पिता आपल्या डोक्यावर हात ठेवितो तो पुढील वर्षींहि ठेवील, असें गृहीत धरूनच आपण आपले बेत करितों. आणि एखाद्या दिवशीं सारें बदलून गेलें म्हणजे दिङ्मूढ होतों. आपल्या नांदेड-लातूर भागास हा अनुभव नवा नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे, गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारीचीं व आसपासच्या गांवांचीं घरें भूकंपानें कांहीं क्षणांत भुईसपाट झालीं आणि हजारों माणसें त्यांखालीं गाडलीं गेलीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. मृग बरसेल कीं नाहीं, पेरलेलें उगवेल कीं नाहीं, हा प्रश्न तर येथील प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं दर वर्षीं उभा राहतो.

अशा वेळीं मनुष्यानें काय करावें, ह्याचें उत्तर नुसत्या उपदेशापेक्षां एखाद्या चरित्रांत अधिक स्पष्टपणें वाचावयास मिळतें. असें एक चरित्र आपल्या अगदीं दाराशीं समाप्त झालें आहे. नांदेड येथें गोदावरीच्या परिसरांत शिखांचें सचखंड हुजूरसाहेब हें जें तख्त आहे, तें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पंजाबांतून येणारे यात्रेकरू, जातिधर्म न विचारतां सर्वांस जेवूं घालणारा लंगर, निळ्या पागोट्यांचे निहंग, हें दृश्य आपल्या इतकें परिचयाचें झालें आहे कीं, पंजाबांतील एका महापुरुषाचा देह एवढ्या दूर, आपल्या गोदातीरीं कां पडला, हें विचारावयाचें आपण विसरून जातों. तें चरित्र वाचूं लागलें म्हणजे दिसतें कीं, ज्यांस दैवानें एकाहि ठिकाणीं निश्चिंतपणें बसूं दिलें नाहीं, अशा थोड्या पुरुषांत शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंह यांची गणना करावी लागेल.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजीं गंगेच्या कांठीं पाटणा शहरीं झाला. त्यांचें मूळ नांव गोविंदराय. पिता गुरु तेगबहादुर हे शिखांचे नववे गुरु. पुत्रजन्माच्या वेळीं ते पूर्वेकडील प्रवासांत होते. मातेचें नांव गुजरी. बालपणाचीं पहिलीं वर्षें पाटण्यास गेल्यावर हें कुटुंब पंजाबांत शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशीं आनंदपूर येथें येऊन राहिलें. तेथें १६७५ सालीं काश्मीरांतील कांहीं ब्राह्मण गुरु तेगबहादुरांकडे आले. धर्मांतरासाठीं आपणांवर जुलूम होत आहे, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. गुरूंनीं परक्या पंथाच्या त्या लोकांचा कैवार घेतला. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत औरंगजेब बादशहाच्या हुकमानें दिल्लीच्या चांदणी चौकांत त्यांचा शिरच्छेद झाला. भाई जैता नांवाच्या एका शिष्यानें तें मस्तक लपवून आनंदपुरास आणिलें. समाज ज्यास अस्पृश्य लेखीत असे, अशा जातीचा तो मनुष्य होता. पित्याच्या मस्तकास अग्नि देणाऱ्या त्या बालकास नऊ वर्षें पुरीं होण्यास अद्यापि कांहीं आठवडे बाकी होते.

एका दिवसांत बालपण संपलें. पितृछत्र गेलें, आणि त्याबरोबरच एका विखुरलेल्या, भयभीत झालेल्या समुदायाचा भार त्या कोवळ्या खांद्यांवर आला. पोरकेपणा म्हणजे काय, आणि ज्यांचा नायक अकस्मात् नाहींसा होतो त्या लोकांची कशी अवस्था होते, हें त्यांनीं इतक्या लहान वयांत पाहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण तेहतीस वर्षांनंतर नांदेडास त्यांनीं जो निर्णय केला, त्याचें मर्म येथें सांपडतें.

संकट आलें म्हणून त्यांचें शिक्षण थांबलें नाहीं. उलट तें अधिक नेटानें चाललें. पंजाबी, ब्रज, संस्कृत व फारसी ह्या भाषा त्यांनीं आत्मसात् केल्या. घोड्यावर बसणें, तिरंदाजी, शिकार ह्यांतहि ते निपुण झाले. १६८५ च्या सुमारास ते यमुनेच्या कांठीं पांवटा येथें जाऊन राहिले. तेथें कवि व पंडित जमविले, स्वतः काव्यरचना केली. परंतु ही शांतता अल्पकाळच टिकली. डोंगरी राजांस त्यांचें वाढतें बळ सहन झालें नाहीं आणि १६८८ सालीं भंगाणी येथें युद्ध झालें. त्या युद्धांत पीर बुद्धूशाह नांवाचे मुसलमान साधु आपल्या पुत्रांसह व शिष्यांसह गुरूंच्या बाजूनें लढले. गुरूंचा झगडा अन्यायी सत्तेशीं होता, कोणत्याहि धर्माच्या लोकांशीं नव्हता, ह्याची साक्ष त्यांच्या चरित्रांत अशी वारंवार मिळते.

आनंदपुरास परत आल्यावर त्यांनीं किल्ले बांधिले. परंतु भिंतींपेक्षां अधिक टिकाऊ असें कांहीं बांधावयाचें त्यांच्या मनांत होतें. १६९९ च्या वैशाखीस त्यांनीं दूरदूरच्या शिखांस आनंदपुरीं बोलाविलें. भरलेल्या सभेपुढें उपसलेली तरवार हातांत घेऊन ते उभे राहिले आणि धर्मासाठीं मस्तक देणारा कोणी आहे काय, अशी त्यांनीं पृच्छा केली. सभा स्तब्ध झाली. मग एकामागून एक पांच जण उठले. पहिला लाहोरचा खत्री, दुसरा हस्तिनापूरचा जाट, तिसरा जगन्नाथपुरीचा पाणी वाहणारा, चौथा द्वारकेचा कापडावर ठसे उठविणारा, आणि पांचवा बीदरचा न्हावी. हें बीदर आपल्या उदगीरच्या शेजारचें. पंजाबांतील त्या थोर प्रसंगीं प्राण द्यावयास जे पांच पुढें झाले, त्यांत आपल्या भागाचा एक साधा कारागीर होता, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस माहीत आहे. ह्या पांचांस गुरूंनीं अमृत पाजिलें आणि खालसा पंथाची स्थापना केली. पुरुषांनीं सिंह व स्त्रियांनीं कौर हें नांव लावावें, आणि जातीचा भेद राहूं नये, असें ठरलें.

त्यानंतर जें घडलें तें त्याहून विलक्षण होय. गुरूंनीं त्या पांचांपुढें हात जोडिले आणि त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतलें. गोविंदरायाचे गोविंदसिंह झाले. गुरु शिष्यांचा शिष्य झाला. अधिकार एका व्यक्तीच्या ठायीं एकवटून ठेविला म्हणजे त्या व्यक्तीबरोबर तो नष्ट होतो. तो सर्वांच्या ठायीं वांटून दिला म्हणजे राहतो, हें तत्त्व त्यांनीं आपल्या आयुष्याच्या भरभराटींतच आचरणांत आणिलें. पुढें येणाऱ्या वादळाची ती नकळत झालेली तयारी होती.

तें वादळ लवकरच आलें. डोंगरी राजे आणि मोगल सुभेदार ह्यांच्या फौजांनीं १७०४ च्या सुमारास आनंदपुरास वेढा दिला. महिन्यांमागून महिने गेले. रसद बंद झाली. अन्नपाण्याचे हाल झाले. त्या दिवसांत भाई कन्हैया नांवाचा एक शीख पखाल घेऊन रणांगणावर फिरे व जखमी झालेल्या शत्रूंसहि पाणी पाजी. लोकांनीं त्याची तक्रार गुरूंकडे नेली. त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावर गुरूंनीं त्यास दोष तर दिला नाहींच, उलट जखमांस लावावयास मलमहि दिलें. स्वतःचीं माणसें उपाशी असतांना ज्यानें शत्रूच्या तहानेचाहि विचार करूं दिला, त्याचें मन संकटानें आकुंचित झालें नव्हतें, हें उघड आहे.

शेवटीं सुखरूप जाऊं देण्याचें वचन शत्रूंकडून मिळाल्यावर, ऐन हिवाळ्यांत, रात्रीच्या वेळीं गुरूंनीं आनंदपूर सोडिलें. वचन पाळलें गेलें नाहीं. मागून हल्ला झाला. पुढें सरसा नदी पुरानें दुथडी भरून वाहत होती. त्या अंधारांत, त्या थंड पाण्यांत, कुटुंबाची ताटातूट झाली. कित्येक माणसें बुडालीं. आणि वर्षानुवर्षें कवींकडून लिहवून घेतलेले ग्रंथ व स्वतःच्या रचना नदीच्या ओघांत नाहींशा झाल्या. घर, किल्ला आणि साहित्य हीं तिन्ही एकाच रात्रींत गेलीं.

तरीहि ह्याहून कठीण प्रसंग पुढेंच होता. मूठभर शिखांसह गुरूंनीं चमकौर येथील एका मातीच्या गढींत आश्रय घेतला. तेथें झालेल्या विषम लढाईंत त्यांचे दोन वडील पुत्र, अजितसिंह व जुझारसिंह, पित्याच्या डोळ्यांदेखत लढतां लढतां पडले. धाकटे दोघे, जोरावरसिंह व फतेहसिंह, नऊ व सात वर्षांच्या आंतबाहेरचे, आजीसह सरहिंदचा सुभेदार वजीरखान ह्याच्या हातीं लागले. धर्म सोडावयास त्यांनीं नकार दिला, तेव्हां त्या बालकांस भिंतींत चिणून मारण्यांत आलें, असें शीख परंपरा सांगते. मालेरकोटल्याचे नबाब शेरमहंमदखान हे स्वतः गुरूंच्या विरुद्ध पक्षाचे. परंतु निरपराध मुलांच्या ह्या वधाचा त्यांनीं भर दरबारांत निषेध केला, आणि शीख लोक त्यांचें स्मरण आजहि कृतज्ञतेनें करितात. वृद्ध माता गुजरी ह्यांनीं त्याच कैदेंत देह ठेविला. आठवडा उलटला नाहीं तोंच चार पुत्र व माता, असे पांच जीव गुरूंस अंतरले.

त्या स्थितींत ते एकटे, थकलेले, माछीवाड्याच्या रानांत भटकत होते. नबीखान व गनीखान ह्या दोन पठाण बंधूंनीं त्यांस ओळखलें, निळा वेष देऊन पीर म्हणून पालखींत बसविलें, आणि स्वतः खांदा देऊन शत्रूंच्या पहाऱ्यांतून पार नेलें. ज्यास आपण सर्वस्व गमावलेला म्हणूं, त्यासहि माणसांचें प्रेम उरलेलें असतें; आणि पुष्कळदां तें अनपेक्षित दारीं भेटतें.

आतां ह्या पुरुषानें पुढें काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. ज्याचें असें सर्व कांहीं गेलें, तो सूडाच्या आगींत जळून गेला असता, किंवा विरक्त होऊन डोंगरांत निघून गेला असता, तरी जगानें त्यास दोष दिला नसता. गुरु गोविंदसिंहांनीं दोन्ही वाटा टाळल्या आणि हातीं जें काम उरलें होतें तें उचललें. प्रथम त्यांनीं औरंगजेबास फारसी पद्यांत एक दीर्घ पत्र लिहिलें. जफरनामा, म्हणजे विजयपत्र, ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. पराभूत दिसणारा मनुष्य विजयपत्र लिहितो, ह्यांत मोठा अर्थ आहे. शपथ मोडणारा हरला आणि शब्दाला जागणारा जिंकला, असा त्या पत्राचा एकंदर भाव आहे. भाई दयासिंह व भाई धर्मसिंह हे दोघे तें पत्र घेऊन दक्षिणेंत अहमदनगराकडे गेले; कारण बादशहाचा मुक्काम त्या वेळीं आपल्या ह्या महाराष्ट्रांत होता.

वेढ्याच्या काळांत कंटाळून चाळीस शीख गुरूंस सोडून गेले होते आणि आपला संबंध तुटल्याचा कागदहि त्यांनीं लिहून दिला होता. पुढें १७०५ मध्यें मुक्तसर येथें शत्रु चालून आला, तेव्हां हेच चाळीस जण परत येऊन लढले व पडले. मरणोन्मुख असलेल्या त्यांच्या प्रमुखाची विनंती मान्य करून गुरूंनीं तो कागद फाडून टाकिला, आणि त्यांस मुक्तात्मे मानिलें. जे दुबळे ठरले होते त्यांस परत येण्याचें दार त्यांनीं बंद केलें नव्हतें.

त्यानंतर तलवंडी येथें त्यांस थोडी विसांव्याची जागा मिळाली. ती दमदमा ह्या नांवानें आजहि ओळखली जाते. नदींत गेलेल्या ग्रंथांसाठीं शोक करीत न बसतां, तेथें त्यांनीं भाई मनीसिंह यांच्या हातून आदिग्रंथाची नवी प्रत लिहवून घेतली, आणि तींत आपल्या पित्याचीं पदें घातलीं. हा ग्रंथ पांचवे गुरु अर्जुनदेव यांनीं १६०४ सालीं संकलित केला होता. त्यांत शीख गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद अशा निरनिराळ्या जातिधर्मांच्या संतांचीं पदें आहेत. आणि आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें नरसी हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत, नांदेडच्या शेजारीं आहे. गुरु गोविंदसिंह गोदावरीवर येण्यापूर्वींच गोदावरीच्या परिसरांतील एका शिंप्याची वाणी अशा रीतीनें त्यांच्या ग्रंथांत जाऊन बसली होती.

३ मार्च १७०७ रोजीं अहमदनगराजवळ औरंगजेब मरण पावला. त्याची साधी कबर खुलताबादेस आहे. पुत्रांत राज्यासाठीं युद्ध होऊन वडील पुत्र बहादुरशहा ह्या नांवानें तख्तावर बसला. गुरु आग्र्यास जाऊन त्यास भेटले. ज्याच्या पित्यानें आपल्या पित्याचा वध करविला त्याच्याशीं बोलणें करावयाचें, ही सामान्य मनास न पेलणारी गोष्ट होय. परंतु काळ बदलला आहे आणि न्यायाची एखादी वाट कदाचित् आतां उघडेल, हें ओळखून त्यांनीं ती केली. बादशहानें त्यांचा सन्मान केला. पुढें भाऊ कामबक्ष ह्याचें बंड मोडण्यासाठीं तो दक्षिणेकडे निघाला, तेव्हां गुरुहि त्याच्या फौजेसमवेत प्रवास करीत राहिले. आणि १७०८ सालीं ते नांदेडास पोंचले. बादशहा पुढें हैदराबादेकडे गेला. गुरु मात्र गोदातीरींच राहिले.

नांदेडास नदीकांठीं माधवदास नांवाचा एक बैरागी मठ करून राहत होता. तो मूळचा काश्मीराकडील राजौरीचा. तरुणपणीं शिकारींत एक गाभण हरिणी मारली गेली व तिच्या पोटांतील पाडसांचा तडफडाट पाहून त्यानें संसार सोडिला, अशी कथा आहे. गुरूंच्या भेटीनें त्याच्या आयुष्याचा ओघ पुनः फिरला. तो शिष्य झाला, बंदासिंह ह्या नांवानें प्रसिद्ध पावला, आणि गुरूंचे पांच बाण व आज्ञापत्रें घेऊन पंजाबास निघाला. नांदेडचा बंदाघाट त्याच्या नांवाची आठवण देतो.

थोड्याच दिवसांत गुरूंवर एका पठाण मारेकऱ्यानें कट्यारीचा वार केला. हा मारेकरी सरहिंदच्या वजीरखानानें पाठविला होता, असें शीख परंपरा मानते. जखम शिवण्यांत आली व ती भरूंहि लागली होती. परंतु एक कठीण धनुष्य ओढीत असतां टांके तुटले. अंत जवळ आला, हें गुरूंनीं ओळखलें.

आतां सर्व शिखांच्या मनांत एकच प्रश्न होता. चारी पुत्र गेलेले, वारस कोणी नाहीं. मग गुरूंच्या पश्चात् आपला वाली कोण? नऊ वर्षांच्या वयांत हाच प्रश्न ज्यांच्यापुढें उभा राहिला होता, त्यांनीं आपल्या लोकांस त्या प्रश्नांत सोडिलें नाहीं. त्यांनीं ग्रंथ आणविला, त्यापुढें पांच पैसे व नारळ ठेवून मस्तक नमविलें, आणि ह्यापुढें देहधारी गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु, असें जाहीर केलें. ज्याचा वध करितां येत नाहीं, ज्यास कैद करितां येत नाहीं, असा नायक त्यांनीं आपल्या अनुयायांस दिला. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं नांदेडास देह ठेविला.

ही व्यवस्था किती दूरदृष्टीची होती, हें पुढील इतिहासानें दाखविलें. बंदासिंहानें १७१० सालीं सरहिंद जिंकिलें. परंतु १७१६ मध्यें तोहि पकडला जाऊन दिल्लीस मारला गेला. त्यानंतर कित्येक वर्षें शिखांची शिकार चालली. रानावनांत, घोड्यांच्या पाठीवर त्यांस दिवस काढावे लागले. त्यांस राजधानी नव्हती, राजा नव्हता, गुरु म्हणून कोणी पुरुष नव्हता. तरी तो समाज मोडला नाहीं. १८३२ ते १८३७ ह्या काळांत महाराजा रणजितसिंहांनीं दूर पंजाबांतून द्रव्य व कारागीर पाठवून, निजामाच्या मुलुखांत असलेल्या नांदेडास, गुरूंच्या त्या शेवटच्या मुक्कामावर मंदिर उभारिलें. २००८ सालीं ग्रंथास गुरुपद मिळाल्याचा त्रिशतक सोहळा झाला, तेव्हां देशोदेशींचे लोक आपल्या ह्या गांवीं आले.

विद्यार्थी मित्रहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? रणांगणावरील पराक्रम सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. परंतु बदल आणि अनिश्चितता हीं सर्वांच्या वांट्यास येतात. कोणाचें पीक जाईल, कोणाचें घर पडेल, कोणास शिक्षणासाठीं गांव सोडून परक्या शहरांत एकट्यानें राहावें लागेल, कोणाच्या डोक्यावरील छत्र अवेळीं हरपेल. त्या दिवशीं दोन गोष्टी आठवाव्यात. पहिली ही कीं, काय गेलें तरी चालेल आणि काय जाऊं द्यावयाचें नाहीं, ह्याचा निवाडा मनुष्यानें आधींच करून ठेवावा. गुरूंनीं किल्ला जाऊं दिला, ग्रंथांचे भार जाऊं दिले. दिलेला शब्द आणि माणसांवरील विश्वास मात्र जाऊं दिला नाहीं. दुसरी ही कीं, प्रत्येक हानीनंतर जें लहानसें काम हातांशीं उरतें, तें करावयास घ्यावें. चमकौरनंतर पत्र, सरसेनंतर ग्रंथाची नवी प्रत, आणि प्राणघातक जखमेनंतर पंथाच्या भवितव्याची तजवीज, अशा पायऱ्यांनीं ते चालत गेले. उद्यां काय होईल, हें त्यांसहि ठाऊक नव्हतें. आज काय करावयाचें, एवढें ठाऊक होतें.

नांदेडास जातांना गोदावरीचा पूल लागतो. त्या नदीनें दुष्काळ पाहिले, पूर पाहिले, राज्यें बदललेलीं पाहिलीं. तिच्या कांठीं ज्यांचा शेवटचा मुक्काम झाला, त्यांस मुक्कामास सोबत स्वतःचें घर नव्हतें, पुत्र नव्हते. होता तो एक ग्रंथ आणि त्यावर विश्वास ठेवणारीं माणसें. तेवढें त्यांस पुरलें. आणि त्यांच्या मागें लक्षावधि लोकांस तें आजवर पुरत आलें आहे.